सुका जार

निकिताच्या व्हायव्हाच्या आदल्या दुपारी तिची आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली. पहिला लाडू मी मिटक्या मारत खाल्ला. दुसरा मी अर्धाच खाली ठेवला, आणि त्यात लाडवाचा काहीच दोष नव्हता.

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. मुलं मला पाठीमागे मिरची मॅडम म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. निकिता माझ्याकडे पीएच.डी.ला आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "रडायचं असेल तर दारातूनच परत जा." ती परत गेली नाही आणि रडलीही नाही. वणीजवळच्या मळ्यातली मुलगी. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, उरलेला वेळ माझी बोलणी खात प्रयोग करायचे, आणि संध्याकाळची एसटी पकडून घरी जायचं, असं तिनं वर्षानुवर्षं काढलं. तिच्याबरोबरच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली. ही अजून सह्याद्रीच्या कातळावरची मॉस खरवडत होती.

मॉस म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर येतं ते हिरवं मखमली. पुस्तकात त्याला हरिता म्हणतात, पण लोक सरसकट शेवाळच म्हणतात आणि मी आता चिडायचं सोडलंय. मॉस, नेचे, त्यांची भावंडं. यांना फूल नाही, बी नाही, नुसते बीजाणू. निकिता त्यांच्या पेशीभित्तिकेतल्या एका पदार्थावर काम करत होती. एक प्रथिन, आणि त्याला सगळीकडून साखरेच्या फांद्या फुटलेल्या. पाण्यात विरघळतं, चिकट असतं, आणि पेशीचं पाणी धरून ठेवायला मदत करत असावं असं आम्हा लोकांना वाटतं. ते ओळखायला एक लाल रंगद्रव्य मिळतं. पारदर्शक जेलच्या थाळीत ते मिसळायचं, जेलला छोटी भोकं पाडायची, भोकात वनस्पतीचा अर्क सोडायचा. अर्कात तो पदार्थ असेल तर सकाळपर्यंत भोकाभोवती लाल कडं उमटतं. जितका पदार्थ जास्त, तितकं कडं मोठं.

निकितानं नाशिकच्या डोंगरांतल्या डझनभर वनस्पती तपासल्या होत्या. सगळ्यांची कडी नाकासमोर चालणारी निघाली. फक्त मार्कंड्या डोंगराच्या उघड्या कातळावरची एक मॉस होती, जी उन्हाळाभर कोळशासारखी सुकून पडते आणि पाणी लागताच हिरवी होते. तिचं कडं असं आलं की आम्ही दोघी थाळी हातात घेऊन वेड्यासारख्या हसलो होतो. त्या एका कड्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहिलं. इतर मॉसच्या कितीतरी पट हा पदार्थ, म्हणून ही मॉस उन्हात तग धरते, असं आम्ही मांडलं. प्रबंधाचं नावच त्या मॉसवरून ठेवलं.

आणि आता वेळ अशी होती की उद्या व्हायव्हा, आणि येत्या सोमवारी आमच्याच कॉलेजात कायम जागेची मुलाखत. वनस्पतिशास्त्राची एकच जागा. अशी जागा पुन्हा केव्हा निघेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पीएच.डी. झालेली असेल तरच आत बोलावणार होते. उद्या परीक्षकांनी होकार दिला तर निकिता मुलाखतीला बसणार, नाही तर जागा दुसऱ्या कोणाची. इतकं ते सरळ होतं.

तर तिची आई, झुंबरबाई. ठसठशीत कुंकू, नवं कोरं लुगडं, आणि डबा मांडीवर. निकिता कोपऱ्यात संगणकावर उद्याच्या स्लाइड नीट करत होती, आमच्याकडे पाठ करून.

"खा मॅडम, अजून एक खा. लेकीपायी तुम्ही बी लय झिजल्या," झुंबरबाई म्हणाल्या. "पन मला एक सांगा, ही नेमकं करती काय? गावात बाया इचारत्यात. मी म्हनते शेवाळाची डॉक्टर. त्या हसत्यात."

मी खुशीत होते. लाडू झकास होता. म्हटलं सांगावं बाईंना समजेल असं.

"ताई, लाडू वळायला डिंक कशाला घालता? सगळं धरून ठेवतो म्हणून ना? तसा झाडांच्या पेशींच्या भिंतीत एक चिकट पदार्थ असतो. बाभळीचा डिंक म्हणजे तोच पदार्थ. शेवाळातही असतो, पण थोडा. तुमच्या लेकीला एका शेवाळात तो खूप सापडला."

"डिंक?" झुंबरबाईंचा चेहरा उजळला. "आता ग बया! मंग आमच्याच घरात झालं म्हना की सगळं. थोरलीच्या बाळंतपनाला मी लाडवाचा डिंक भरडीत व्हते मिक्सरात, तवाच ही आली ते सुकं शेवाळ घेऊन. हितलं यंत्र बिघडलं म्हनून. म्या म्हनलं, आन हिकडं, जार मोकळाच हाय."

मी लाडू खाली ठेवला.

"जार धुतला होता ना, ताई?"

"सुका जार कोन धुतंय मॅडम? पात्याला गंज चढतो. फडक्यानं पुसून दिला की, चकाचक. तुमची शप्पथ."

कोणाच्याही घरी हेच करतात. मीही करते. मसाल्याचा, शेंगदाण्याच्या कुटाचा सुका जार असतो, त्याला पाणी लावत नाहीत. डिंक मात्र फडक्यानं जात नाही. तो पात्याच्या खालच्या खोबणीत, रबराच्या कडीत, काचेच्या भुग्यासारखा बसून राहतो. त्यावर सुकी मॉस टाकून जार फिरवला की दोन्हींचं एकच पीठ. आणि माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक थाळीच्या पहिल्या भोकात आम्ही काय घालतो? बाभळीच्या जातीचाच डिंक, तुलनेसाठी, कारण त्याचं कडं सगळ्यात मोठं येतं.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. निकिताची पाठ हलली नव्हती. कानात इअरफोन होते. उद्याचं भाषण पुटपुटत असावी.

"काय झालं मॅडम? गोड जास्ती झाला का?"

"नाही हो. छान झालाय," मी म्हणाले. "ऊन लागलं असेल मला."

झुंबरबाई नाशिक रोडला थोरल्या लेकीकडे मुक्कामाला गेल्या. निकिता त्यांना बसमध्ये बसवून द्यायला गेली, तेवढ्यात मी दार लोटून घेतलं. मला स्वतःचाच संताप आला होता, पण तो काढायला वेळ नव्हता. नमुन्यांच्या कपाटात त्या मॉसचं न दळलेलं पाकीट असायला हवं होतं. होतं. भुईमुगाच्या टरफलासारखे सुकलेले झुपके, खाली निकिताच्या नीटस अक्षरात डोंगराचं नाव. मी थोडी मॉस खलबत्त्यात कुटली, पाण्यात भिजवली, गाळली. शेजारी निकिताची जुनी पावडर तशीच भिजवली. लाल जेलची थाळी ओतली आणि चार भोकं पाडली. एकात बाटलीतला डिंक, दुसऱ्यात निकिताची पावडर, तिसऱ्यात मी कुटलेली मॉस, चौथ्यात नुसतं पाणी.

दुसरं आणि तिसरं कडं सारखं आलं, तर झुंबरबाईंचं फडकं जिंकलं. तिसरं लहान आलं, तर शेवटचं प्रकरण म्हणजे डिंकाचे लाडू.

इतक्या वर्षांत माझ्याकडून भोकाबाहेर थेंब सांडला नव्हता, त्या दिवशी सांडला. थाळी फॉइलमध्ये गुंडाळून उबवणीच्या पेटीत सरकवली तेव्हा निकिता परत आली.

"मॅडम, तुम्ही अजून इथेच?"

"घरी कोण वाट बघतंय माझी?" मी खेकसले. "तू जा. झोप नीट. आणि उद्या ती निळी साडी नेस, ह्या ओढणीत तू अकरावीतली दिसतेस."

ती हसली. बारीक हसली, नेहमीसारखी नाही. मला वाटलं, उद्याची धास्ती.

रात्र कशी काढली ते विचारू नका. पडल्या पडल्या एकच आकडा डोळ्यांपुढे येत होता. मॉस आणि नेच्यांच्या या पदार्थात एक खास साखर असते, मिथिल गट लागलेली ऱ्हॅम्नोज. फुलझाडांत ती जवळजवळ सापडतच नाही. निकिताचे नमुने आम्ही साखरा मोजायला पुण्याला पाठवले होते. बाकी सगळ्या मॉसमध्ये ती साखर ठीक होती आणि या एकीत नाममात्र. आम्ही दोघींनी बसून त्याचा अर्थ लावला होता, की कडक उन्हात राहून या मॉसनं साखरेची ठेवणच बदलली. काय सुंदर वाक्य लिहिलं होतं आम्ही! साधं सरळ उत्तर समोर होतं, की यात दुसरंच काही मिसळलंय, आणि आम्ही दोघी कविता करत बसलो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं ते दळण झालं होतं.

मग मन दुसरीकडून समजूत घालायला लागलं. परीक्षकांनी विचारलं नाही तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीच्या अकरा वनस्पती तर खऱ्या आहेत. मुलाखत होऊ दे, जागा मिळू दे, मग सहा महिन्यांनी आपणच चूक छापून दुरुस्त करू. कोणाचं काय जातंय? मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या एका खोट्या आकड्यासाठी त्यांची सालं काढली, आणि आता हे मला फार शहाणपणाचं वाटत होतं.

सकाळी कॉलेज उघडायच्या सुमारास मी प्रयोगशाळेत होते. पेटीचं दार उघडलं आणि जागच्या जागी थबकले. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या थाळ्या दोन होत्या.

एक माझी. दुसरी तिच्या मागे, आत सरकवलेली, फॉइलच्या कडा नीट दुमडलेल्या. माझ्या हातून इतकं नीट कधी दुमडलं जात नाही.

"ती माझी आहे, मॅडम."

निकिता दारात उभी होती. निळी साडी, केस ओले, डोळे तांबारलेले.

"कधी लावलीस?"

"तुम्ही गेल्यावर. मी पुन्हा आले." ती आत आली. "इअरफोन बंद होते. आईचं सगळं ऐकलं मी."

"आणि माझी थाळी दिसली?"

"हो. पेटी उघडली तर समोरच होती. मला वाटलं, तुम्ही मला सांगाल. मग वाटलं, मी तुम्हाला सांगेन."

दोघींनीही सांगितलं नव्हतं. मी दोन्ही थाळ्या दिव्याच्या काचेवर ठेवल्या आणि फॉइल काढली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाटलीतल्या डिंकाचं कडं जाडजूड, लालभडक. निकिताच्या पावडरीचं त्याच्या खालोखाल. आणि न दळलेल्या मॉसभोवती कुंकवाच्या बोटाची जेमतेम खूण. दोन्ही थाळ्यांत तेच. निकितानं तर आणखी एका भोकात आईच्या लाडवातून वेचलेल्या डिंकाचा अर्क घातला होता. तेही कडं लालभडक होतं.

"बाईसाहेब, घरी दळलं तर निदान सांगायचं तरी मला!" माझा आवाज चढला. "प्रबंधात 'यंत्रावर दळले' असं लिहिलंयस तू!"

"मिक्सर पण यंत्रच ना, मॅडम," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पार कोसळला. "मला त्यात काही वाटलंच नाही. तुम्ही दुसऱ्याच दिवशी पावडर मागितली होती. यंत्र बंद होतं. मी आणली. आईनं जार दिला. आमच्याकडे सगळं त्यातच दळतात."

ती आता रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, स्टुलावर बसली आणि थाळीकडे बघत राहिली.

"काय करायचं, मॅडम? तुम्ही सांगाल ते करते."

हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझा प्रबंध आहे का हा? तुझा आहे!"

"माझाच आहे. पण सोमवार पण माझा आहे."

खिडकीतून मुलांचे आवाज यायला लागले होते. मग मी, मिरची मॅडम, जिनं खोट्या आकड्यांसाठी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, ती काय बोलले ते ऐका.

"आपण होऊन काही बोलू नकोस," मी म्हणाले. "परीक्षक डॉ. यादवांनी त्यावर बोट ठेवलं नाही, तर विषय काढायचा नाही. दुरुस्ती मागाहून करू. माझ्या नावावर."

तिनं मान हलवली. थाळ्या तिनं पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळल्या, कडा दुमडल्या, आणि पिशवीत ठेवल्या. कशाला ठेवतेस, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही.

डॉ. यादव कोल्हापूरचे. उभं आयुष्य मॉसमध्ये गेलेला माणूस, बुटका, हळू बोलणारा, समोरच्याला कधी दुखवत नाही आणि कधी सोडतही नाही. सभागृहात आमचे शिक्षक होते, एमएस्सीची मुलं होती, आणि पहिल्याच रांगेत झुंबरबाई, मांडीवर डबा. लेक डॉक्टर झाली की सगळ्यांना लाडू वाटायचे, असं त्या येता-जाता प्रत्येकाला सांगत होत्या. शिपायालासुद्धा सांगून झालं होतं.

निकिता चांगलं बोलली. इंग्रजी तिचं साधं आहे पण स्वच्छ आहे. अकरा वनस्पती झाल्या. कातळावरची मॉस आली. लाल कड्यांचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मुलांनी माना पुढे काढल्या, आणि मी माझ्या चपलेच्या बक्कलाकडे बघत राहिले. निकितानं ते प्रकरण भरभर, पाय भाजत असल्यासारखं उरकलं. आभाराची स्लाइड आली. टाळ्या झाल्या.

डॉ. यादवांनी दोन प्रश्न विचारले, तेही बाकीच्या वनस्पतींवर. निकितानं उत्तरं दिली. ते प्रबंधाची पानं चाळत होते. मी मनात म्हटलं, मिटा आता. मिटा तो प्रबंध. त्यांनी तो मिटलासुद्धा. चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला.

"एक छोटीशी शंका," ते इंग्रजीत म्हणाले. "ही तुमची कातळावरची मॉस. हिच्यात हा पदार्थ सगळ्यात जास्त, आणि मॉसची खास साखर सगळ्यात कमी. तुम्ही लिहिलंय, उन्हामुळे ठेवण बदलली. वाक्य मला आवडलं. पण तुम्हाला स्वतःला हे पटतं का?"

एवढंच. सभागृहात पंखे फिरत होते.

निकितानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगून ठेवलं होतं, की त्यांनी बोट ठेवलं नाही तर. आता त्यांनी ठेवलं होतं, पण तेही मऊ हातानं. "हो सर, पटतं" असं म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. त्यांनी पुढे ताणलंही नसतं. सोमवार तिथेच, हाताच्या अंतरावर होता. मला वाटलं ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतेय, आणि खरं सांगते, माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. मला फक्त झुंबरबाई दिसत होत्या. त्या लेकीकडे बघून मान डोलवत होत्या, प्रत्येक प्रश्न सुटतोय अशा थाटात.

"नाही सर," निकिता म्हणाली. "पटत नाही."

तिनं टेबलाखालून पिशवी काढली. थाळ्या बाहेर आल्या, फॉइल निघाली. तिनं त्या डॉ. यादवांच्या पुढ्यात ठेवल्या आणि उभी राहून, इंग्रजीतच, सगळं सांगितलं. पहिलं भोक, दुसरं भोक, तिसरं. "सर, मी ही मॉस घरी मिक्सरमध्ये दळली. त्या मिक्सरमध्ये आधी बाभळीचा डिंक दळलेला होता. जार मी धुतला नाही. हे मला कालच कळलं. शेवटचं प्रकरण चुकीचं आहे. चूक माझी आहे."

मी दळली, मी धुतला नाही. आईचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. आणि माझंही घेतलं नाही, आज सकाळी मी तिला काय म्हणाले होते तेही नाही.

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मी अशी मान वळवून बघितलं की ते हसू तिथेच विझलं.

डॉ. यादव बराच वेळ थाळ्या उजेडाकडे धरून बघत होते. "सुरेख आहेत," ते पुटपुटले. मग प्रबंध पुढे ओढला. मला त्यांच्या चेहऱ्यावर कळवळा दिसला, आणि मला कळवळ्याची भीती वाटली, कारण प्रामाणिक माणसाचा कळवळा निर्णयाच्या आड येत नाही. तसंच झालं. शेवटचं प्रकरण काढा, मॉस पुन्हा गोळा करा, पुन्हा दळा, पुन्हा मोजा. प्रबंधाचं नाव बदला. सहा महिन्यांनी सुधारून सादर करा, मी पुन्हा येईन. "आणि याल तेव्हा," ते निकिताला म्हणाले, "मला तुमच्याकडून दुसरा कुठलाही पुरावा लागणार नाही, फक्त आकडे आणा."

सहा महिने. सोमवार गेला. जागा गेली. तासिका तत्त्वावरचे तास तेवढे राहिले. मी उठले, आणि माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांसमोर हे पहिल्यांदा झालं. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटत होती. दोन्ही एकदम गिळता येत नव्हतं.

निकिता माझ्याजवळ आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मॅडम, एकच मागणं. आईला कळू द्यायचं नाही. ती मरेपर्यंत स्वतःला खात बसेल."

"नाही कळणार," मी म्हणाले.

व्हरांड्यात झुंबरबाई डबा उघडूनच उभ्या होत्या. कोणी थांबत नव्हतं. लोक नजर चुकवून जिन्याकडे वळत होते. त्यांना काहीतरी खटकलं होतं, पण काय ते उमगत नव्हतं.

"झाली का गं डॉक्टर?"

"सहा महिने थांबायचंय, आई," निकिता म्हणाली. "एक काम परत करायला सांगितलंय."

"आता गं! का बरं? येवढं चांगलं बोललीस. ते साहेब बी मान हालवीत व्हते."

"दळण नीट झालं नव्हतं."

"तरीच," झुंबरबाई म्हणाल्या. "मधी तू मिक्सर मिक्सर म्हनत व्हतीस, मला तेवढंच कळलं. मी म्हनलं, हिचं इंग्रजीत मिक्सरचं काय काम?" त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या. "हितलं यंत्र अजून नीट नाय केलं का मॅडम?"

निकितानं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"नाही हो, ताई," मी म्हणाले. "बिघडलेलंच आहे."

"मंग त्यात काय येवढं!" झुंबरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डब्यातला एक लाडू काढून माझ्या हातात कोंबला. "आपला घरचा घिऊन जा की. लय बारीक दळतो. जार बी मी सोता चकाचक पुसून ठिवते."

निकिता हो म्हणाली. मी अख्खा लाडू तोंडात भरला, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.